कृत्तिकांचा बंध

बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात दुःखाने पोळलेला ईयोब देवाकडे न्याय मागतो आणि अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याला उत्तर न देता उलट प्रश्नच विचारू लागतो. पृथ्वीचा पाया, समुद्राची मर्यादा, हिमाची कोठारे असे एकामागून एक प्रश्न येतात. त्यांत एक प्रश्न कृत्तिकांविषयी आहे. या तारकांना एकत्र गुंफून ठेवणारा बंध तुला बांधता येईल काय, असा त्याचा आशय आहे. ज्या कवीने हे लिहिले त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती, गणित नव्हते. परंतु आकाशातील इतर तारे सुटेसुटे दिसतात आणि हा एवढा एक पुंजका मात्र कोणीतरी मुद्दाम बांधल्यासारखा दिसतो, हे त्याच्या डोळ्यांनी अचूक टिपले होते.

पुढे खगोलशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न शब्दशः हाती घेतला. हे तारे खरोखर एकत्र बांधलेले आहेत काय? असल्यास कशाने? ते एकत्र आले कसे आणि किती काळ एकत्र राहणार? या प्रश्नांची उत्तरे मिळायला सुमारे चार शतके लागली. त्या वाटचालीत एक सिसिलियन धर्मगुरू आहे, कोकणातील एक शाळामास्तर आहे आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातील एक पारशी प्राध्यापकही आहे. आपल्या वाचकांना या मंडळींची फारशी ओळख नसावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित

कृत्तिका हे आपल्याकडे नुसते नक्षत्र नाही. ते कालगणनेचे एक जुने खुंटाळे आहे. पौर्णिमेचा चंद्र ज्या महिन्यात कृत्तिकांजवळ येतो तो कार्तिक. तैत्तिरीय संहितेत या तारकांची सात नावे दिली आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका. यांपैकी तीन नावांत अभ्र, मेघ आणि वर्षा आहेत, हे पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या कोकणवासीयांच्या सहज ध्यानात येईल. साध्या डोळ्यांना बहुधा सहाच तारे दिसतात. पुराणांतही सहा कृत्तिका कार्तिकेयाच्या माता झाल्या आणि त्यास सहा मुखे आली.

दापोलीजवळच्या मुरुड येथे १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्यांनी शतपथ ब्राह्मणातील एका विधानाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत, असे ते विधान आहे. दीक्षितांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. ज्या काळी हे वाक्य रचले गेले त्या काळी कृत्तिका बरोबर पूर्वेस उगवत असल्या पाहिजेत. आज तसे होत नाही. उरणच्या अक्षांशावरून पाहिल्यास कृत्तिका पूर्वबिंदूच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेस उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो व त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पुरा होतो. त्यामुळे उगवण्याचे स्थान हळूहळू सरकते. हे सरकणे उलटे मोजत गेल्यास कृत्तिका ठीक पूर्वेस उगवण्याचा काळ इसवी सनापूर्वी ३००० वर्षांच्या आसपास येतो.

या अनुमानाविषयी पुढे पुष्कळ वाद झाले. काही पंडितांना तो अर्थच मान्य नव्हता. परंतु एका तारकागुच्छाचा घड्याळाप्रमाणे उपयोग करण्याची दीक्षितांची कल्पना स्वच्छ होती. १८९८ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांचा ग्रंथ मराठीत असल्यामुळे बाहेरच्या जगास तो दुर्लभच राहिला. त्याच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग निघायला १९६९ साल उजाडले.

एक विस्मृत धर्मगुरू

आता थोडे मागे जाऊन युरोपाकडे वळू या. १६१० साली गॅलिलिओने आपली दुर्बीण कृत्तिकांवर रोखली. डोळ्यांना दिसणाऱ्या सहा ताऱ्यांच्या आसपास आणखी चाळीसहून अधिक तारे आहेत असे त्यास आढळले, आणि त्यांपैकी छत्तीस त्याने नकाशात मांडले. कर्क राशीतील, आपल्या पुष्य नक्षत्राजवळच्या धूसर ठिपक्यातही त्यास बारीक ताऱ्यांची गर्दी दिसली.

गॅलिलिओच्या या कार्याने भारावलेला एक तरुण सिसिली बेटावर होता. जोव्हान्नी बात्तिस्ता होदिएर्ना हे त्याचे नाव. १५९७ साली रागूसा गावी जन्मलेला हा मनुष्य धर्मगुरू झाला आणि पुढे पाल्मा नावाच्या लहानशा गावात त्याने लोकांची आध्यात्मिक सेवा केली. फक्त वीस पट मोठे दाखवणारी एक साधी दुर्बीण त्याच्यापाशी होती. तेवढ्या साधनावर त्याने आकाश चाळून काढले आणि १६५४ साली पालेर्मो येथे एक ग्रंथ छापला. त्यात आकाशातील सुमारे चाळीस धूसर पदार्थांची यादी होती. त्याने त्यांचे तीन वर्ग पाडले. साध्या डोळ्यांनीच ज्यांतील तारे सुटे दिसतात ते एक. डोळ्यांना धूसर पण दुर्बिणीतून सुटे दिसणारे दुसरे. आणि दुर्बिणीतूनही धूसरच राहणारे तिसरे. ही सर्व धूसरता दूरच्या ताऱ्यांचीच असावी, अशी त्याची धारणा होती.

दहाबारा तारकागुच्छ प्रथम पाहण्याचा मान आज या धर्मगुरूकडे जातो. परंतु त्याचे पुस्तक सिसिलीबाहेर फारसे पोहोचलेच नाही. १६६० साली तो वारला. शंभराहून अधिक वर्षांनी, १७८१ साली, फ्रान्सच्या शार्ल मेसिए याने १०३ पदार्थांची सूची पूर्ण केली आणि जगाने तीच प्रमाण मानली. होदिएर्नाच्या यादीकडे इतिहासकारांचे नीट लक्ष गेले ते १९८५ साली, म्हणजे ग्रंथ छापल्यानंतर ३३१ वर्षांनी.

मग प्रश्न आला तो बंधाचा. हे तारे जवळ दिसतात ते केवळ आपल्या दृष्टिरेषेत आल्यामुळे, की खरोखर जवळ आहेत? भाऊच्या धक्क्यावरून पाहिले असता अंतराने दूर असलेली दोन गलबते एकमेकांस खेटून उभी असल्याचा भास होतो, तसेच हे नसेल कशावरून? १७६७ साली जॉन मिशेल या इंग्रज अँग्लिकन धर्मगुरूने या शंकेचे उत्तर संभाव्यतेच्या गणिताने दिले. तारे आकाशात वाटेल तसे विखुरले असते तर कृत्तिकांसारखा पुंजका योगायोगाने बनण्याची शक्यता पाच लाखांत एक इतकीच उरते, असा त्याचा हिशेब होता. अर्थात हे तारे खरोखरच एकत्र आहेत आणि कोणत्या तरी नियमाने, बहुधा गुरुत्वाकर्षणाने, एकत्र धरले गेले आहेत. ईयोबाच्या ग्रंथातील बंधास असे पहिल्यांदा गणिताचे बळ मिळाले.

पुण्याची दुर्बीण

तारे एकत्र आहेत हे ठरले, पण ते एकत्र आले कोठून? याचे उत्तर धूसर तेजोमेघांत दडले होते आणि तेथवर पोहोचण्यासाठी वर्णपटाचे शास्त्र जन्मावे लागले. प्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे केले की तो कोणत्या पदार्थातून आला हे कळते. रोमच्या संत इग्नेशियस चर्चच्या छतावर उभारलेल्या वेधशाळेत येशूसंघीय धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी १८६० नंतरच्या दशकात चार हजारांवर ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांचे वर्ग पाडले. त्याच दशकात, १८६४ साली, लंडनमध्ये विल्यम हगिन्स याने एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला आणि त्यास ताऱ्यासारखा रंगीत पट्टा न दिसता मोजक्या चकचकीत रेषा दिसल्या. म्हणजे हा मेघ ताऱ्यांचा नव्हता, तप्त विरळ वायूचा होता. सर्व धूसरता ताऱ्यांचीच, ही होदिएर्नाची कल्पना येथे अपुरी ठरली. काही धूसर पदार्थ तारकागुच्छ आहेत, तर काही वायूचे मेघ आहेत.

मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो अंधुक ठिपका दिसतो तो असाच मेघ आहे. त्याच्या वर्णपटातील सर्वांत ठळक हिरवट रेषा कशामुळे उमटते, याविषयी इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला. नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे असे की, ही रेषा मॅग्नेशियमची असून तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होत. तसे असते तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. हगिन्स यांना ते मान्य नव्हते.

या वादात पुण्याहून साक्ष आली. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, सरकारने तेवढीच भर घातली, आणि १८८८ साली कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली, वीस इंची आरशाची तिची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांनी तिला वर्णपटदर्शक जोडून मृगातील मेघाची ती रेषा तपासली. ती दोन्ही बाजूंनी रेखीव होती. कोणत्याही परिस्थितीत तिची कड पुसट होत नव्हती. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे निरीक्षण छापून आले. लॉकियर यांची उपपत्ती टिकली नाही. पुढे १९२७ साली आयरा बोवेन याने दाखवून दिले की, ती रेषा अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनची आहे.

१८९८ साली करमाळा तालुक्यातील जेऊर येथे जाऊन नायगमवाला यांनी खग्रास सूर्यग्रहणाचेही वेध घेतले. परंतु ही वेधशाळा त्या एका माणसावर उभी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि दुर्बीण कोडाईकनालला पाठवली गेली. तेथेही ती उभी राहायला अनेक वर्षे जावी लागली. ज्या १८९१ साली नायगमवाला यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले त्याच साली पोप तेरावे लिओ यांनी व्हॅटिकनच्या वेधशाळेची पुनःस्थापना केली होती. शहराच्या दिव्यांनी रोमचे आकाश उजळले तेव्हा ती १९३० नंतरच्या दशकात कास्तेल गांदोल्फोला गेली. तेथेही उजेड वाढला तेव्हा ॲरिझोनातील डोंगरावर १९९३ साली तिची नवी दुर्बीण उभी राहिली. जागा बदलल्या, माणसे बदलली, काम मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. पुण्यात ते घडले नाही. महाराष्ट्रातील खगोलशास्त्राची पुढची मोठी पावले उमटायला अर्धशतक जावे लागले.

मेघाच्या उदरात

नायगमवाला ज्या मेघाकडे पाहत होते तो तारकागुच्छाचे प्रसूतिगृह आहे, हे त्या वेळी कोणासही सिद्ध करता आले नव्हते. आज ते निःसंशय ठाऊक आहे.

आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायू व धूळ यांचे प्रचंड थंड मेघ आहेत. त्यांत मुख्यत्वे हायड्रोजनचे रेणू असतात आणि त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंश असते. वायू थंड असला की त्याचा आतून रेटा कमी पडतो आणि स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने तो मेघ ठिकठिकाणी आकसू लागतो. आकसताना त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचा गाभा तापतो आणि पुरेसा तापला की हायड्रोजनपासून हेलियम बनू लागून तारा पेटतो. एका मेघातून एकटा तारा क्वचितच जन्मतो. बहुधा शेकडो किंवा हजारो भावंडे एकाच सुमारास जन्मास येतात.

मृगातील मेघ आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पोटातील गुच्छात दोन हजारांच्या आसपास तारे असून त्यांचे वय दहा ते तीस लाख वर्षे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तान्ह्या बाळाचे आहे. त्यांच्या मधोमध असलेल्या काही थोर ताऱ्यांच्या प्रखर किरणांमुळेच तो सारा मेघ उजळतो.

परंतु या थोर ताऱ्यांचे तेज भावंडांच्या बंधावरच उठते. त्यांच्या किरणांनी व वाऱ्यांनी उरलेला वायू बाहेर फेकला जातो. त्या वायूचे वजन हाही बंधाचा मोठा भाग असतो. तो निघून गेला की गुरुत्वाकर्षण एकाएकी दुबळे होते आणि बहुतेक गुच्छ जन्मानंतर एक कोटी वर्षांच्या आतच उधळतात. दहांतील एखादाच गुच्छ या पहिल्या संकटातून पार पडून कृत्तिकांचे वय गाठतो. आपल्या डोळ्यांना आज दिसणाऱ्या कृत्तिका म्हणजे या परीक्षेत टिकलेले कुटुंब होय.

वय कसे कळले?

भावंडे एकाच वेळी जन्मली असल्यामुळे तारकागुच्छ शास्त्रज्ञांना फार उपयोगी पडले. १९११ साली एयनार हर्ट्झस्प्रुंग याने कृत्तिका आणि रोहिणीजवळचा गुच्छ यांतील ताऱ्यांचे रंग व तेज यांचे आलेख काढले. गुच्छातील सर्व तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने कोणता खरोखर तेजस्वी व कोणता मंद हे तेथे सरळ कळते. पुढे त्यातून वय काढण्याची रीत निघाली. वजनदार तारा आपले इंधन उधळ्यासारखा खर्चतो व लवकर संपतो. हलका तारा काटकसरीने अब्जावधी वर्षे पुरवतो. म्हणून गुच्छातील कोणत्या वजनापर्यंतचे तारे अजून तग धरून आहेत हे पाहिले की गुच्छाचे वय समजते.

या रीतीने कृत्तिकांचे वय दहा ते बारा कोटी वर्षे येते. त्यांचे अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे आहे आणि त्यांत हजारावर तारे आहेत. छायाचित्रांत त्यांच्याभोवती जे निळसर धुके दिसते ते त्यांच्या जन्माच्या वेळचे नाही. वाटेत भेटलेल्या एका परक्या मेघावर त्यांचा प्रकाश पडला आहे. रोहिणीजवळचा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा गुच्छ सुमारे ६५ कोटी वर्षांचा आणि १५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या तोंडाशी चमकणारी तांबूस रोहिणी मात्र त्या कुटुंबातली नव्हे. ती मध्येच, ६५ प्रकाशवर्षांवर उभी आहे. पुष्याजवळचा गुच्छ जवळपास रोहिणीच्या गुच्छाच्याच वयाचा असून त्याची चालही तशीच आहे. त्यामुळे ही दोन्ही घराणी एकाच मूळ मेघातली असावीत, असे मानले जाते.

बंध सैल कसा होतो?

पहिल्या संकटातून वाचलेल्या गुच्छावरही काळ आपले काम करीतच असतो. हे तारे एकमेकांभोवती सतत फिरत असतात. दोन तारे जवळून गेले की एकाची गती थोडी वाढते, दुसऱ्याची घटते. हलक्या ताऱ्यांना असे धक्के मिळत मिळत एखाद्याची गती इतकी वाढते की, तो गुच्छ सोडून निघून जातो. जड तारे मध्याकडे सरकतात, हलके कडेला जातात आणि कडेवरचे एकेक करून निसटतात. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी शिकागो विद्यापीठात असताना १९४२ व १९४३ साली या निसटण्याचे गणित मांडले. कृत्तिकांसारखे गुच्छ कोणत्या वेगाने विरतील हा त्यातील महत्त्वाचा प्रश्न होता. त्यात आकाशगंगेची स्वतःची ओढ आणि वाटेत भेटणाऱ्या मोठ्या मेघांचे हिसके यांची भर पडते. आजच्या अंदाजाप्रमाणे आणखी सुमारे २५ कोटी वर्षांत कृत्तिकांचा गुच्छ गुच्छ म्हणून उरणार नाही. तारे राहतील, कुटुंब पांगलेले असेल.

सर्वच गुच्छ असे पांगत नाहीत. आकाशगंगेभोवती दीडशेहून अधिक गोलाकार गुच्छ आहेत. त्यांच्यात लाखो तारे खच्चून भरलेले असतात आणि बहुतेकांचे वय बारा-तेरा अब्ज वर्षे, म्हणजे जवळजवळ विश्वाच्या वयाइतके आहे. एवढे वस्तुमान एकवटलेले असल्यानेच ते टिकले. हार्लो शेपली याने १९१८ साली या गुच्छांची मांडणी तपासली आणि आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून खूप दूर, एका बाजूस आहे, हे दाखवून दिले. यांपैकी सर्वांत मोठा गुच्छ नरतुरंग तारकासमूहात आहे. आकाश स्वच्छ आणि काळोखे असेल तर मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास कोकणातून तो दक्षिणेस, क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर धूसर ठिपक्यासारखा दिसतो. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. आपल्या आकाशगंगेने पूर्वी गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

हे जुने गुच्छ जन्मले तेव्हाचे दृश्यही आता अंधुकपणे दिसू लागले आहे. २०२१ साली नाताळच्या दिवशी जेम्स वेब दुर्बीण अवकाशात झेपावली. २०२४ साली तिच्या साह्याने शास्त्रज्ञांना एका अतिदूरच्या दीर्घिकेत पाच दाट तारकागुच्छ आढळले. विश्व केवळ ४६ कोटी वर्षांचे असताना निघालेला त्यांचा प्रकाश आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे. म्हणजे दीर्घिका घडत असतानाच ताऱ्यांनी कुटुंबे करून राहण्यास प्रारंभ केला होता.

खोडदची तबके

पुण्याची वेधशाळा बंद पडल्यावर जो खंड पडला तो भरून निघाला तो रेडिओलहरींच्या मार्गाने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी १९६३ साली रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारला. त्यांची पहिली लहान तबके कल्याणला मांडली गेली. त्यातूनच वाढत जाऊन १९९० नंतरच्या दशकात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची तीस तबके उभी राहिली. १९८८ साली पुण्यातच जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' ही संस्था स्थापन झाली. नारळीकर २०२५ साली निवर्तले. संस्था चालू आहे.

तारकागुच्छ ज्या हायड्रोजनपासून घडतात त्याच्या रेडिओलहरी खोडदची तबके टिपतात. २०२० साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्या तबकांनी आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजला. तो वायू पुष्कळ होता, पण तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. बाहेरून पुरेशी भर न पडल्यामुळे विश्वातील ताऱ्यांचा जन्मदर पुढे घटत गेला, असा त्याचा अर्थ लागतो. नायगमवाला यांनी एका मेघाची एक रेषा पाहिली होती. त्यांच्याच पुण्यात सव्वाशे वर्षांनी हजारो दीर्घिकांच्या मेघांचा हिशेब मांडला गेला. या वेळी तो एकट्या माणसाच्या खांद्यावर नव्हता.

हरवलेली भावंडे

पांगलेल्या ताऱ्यांचे पुढे काय होते? गेल्या काही वर्षांपर्यंत याचे उत्तर 'गर्दीत हरवतात' एवढेच होते. युरोपच्या गाया या अवकाशयानाने २०१४ ते २०२५ या काळात सुमारे दोन अब्ज ताऱ्यांची स्थाने व गती अतिसूक्ष्मपणे मोजली, आणि चित्र बदलले. २०१९ साली रोहिणीच्या गुच्छातून निसटलेल्या ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या सापडल्या. २०२५ साली गायाच्या मापनांना ताऱ्यांच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगाची जोड देऊन कृत्तिकांची सुमारे तीन हजार भावंडे ओळखली गेली. ती जवळपास दोन हजार प्रकाशवर्षांच्या विस्तारात विखुरलेली आहेत. एकमेकांपासून इतकी दूर गेली तरी त्यांचे वय एक, घटकद्रव्ये सारखी आणि चालीत मूळ घराची खूण शिल्लक आहे.

आपला सूर्यही बहुधा अशाच एका गुच्छात सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी जन्मला असावा. जुन्या उल्कापाषाणांत अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्यांच्या ज्या खुणा सापडतात त्यांवरून शेजारी थोर तारे होते असे दिसते. ती भावंडे केव्हाच दूर गेली. ज्याच्या उबेवर आपण जगतो तो सूर्य घर सोडून आलेला आहे.

उरणच्या वाचकांना हे सांगताना आमच्या मनात आपलीच घरे येतात. येथील कुटुंबांतून कोणी जहाजावर आहे, कोणी आखातात, कोणी परदेशी स्थायिक झाले आहे. १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले तेव्हा गावांचा नकाशा बदलला. २०२४ साली अटल सेतू व रेल्वे आल्यावर तो पुन्हा बदलतो आहे. पांगणे हा ताऱ्यांचा नियम आहे आणि बहुधा आपलाही. त्याबद्दल हळहळ करीत बसण्यापेक्षा मूळ घराची खूण कोण व कशी जपून ठेवतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे. होदिएर्नाचे काम मोलाचे असूनही तीन शतके हरवले, दीक्षितांचा ग्रंथ भाषेच्या कुंपणात अडकला, नायगमवाला यांची दुर्बीण त्यांच्यामागे अडगळीत गेली. कारण त्यांच्याभोवती सांभाळून ठेवणारा समुदाय नव्हता. जेथे तो होता तेथे काम पिढ्यान्पिढ्या चालले. धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या, आजीच्या तोंडची गाणी, परक्या मुलुखातील नातवाशी आपल्या बोलीत होणारे बोलणे, हे सारे त्याच जातीचे काम आहे.

बंदराच्या दिव्यांमुळे उरणचे आकाश आता पूर्वीसारखे काळे राहिलेले नाही. नरतुरंगातला तो धूसर गुच्छ येथून शोधणे कठीणच. कृत्तिका मात्र अजूनही दिसतात. जानेवारी महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्या जवळजवळ डोक्यावर येतात. द्रोणागिरीच्या बाजूस किंवा करंजाच्या किनाऱ्यावर, दिव्यांकडे पाठ करून मुलांना त्या दाखवाव्यात आणि किती तारे मोजता येतात ते विचारावे. ईयोबास विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आता आपल्यापाशी आहे. तो बंध गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि तो एक दिवस सुटणार आहे, हे आपण शिकलो. तो बांधण्याचे सामर्थ्य मात्र ईयोबापाशी नव्हते आणि आपल्यापाशीही नाही. आपल्या हाती एवढेच आहे की, जे एकत्र दिले गेले आहे ते शक्य तितका काळ सांभाळावे आणि जे दूर गेले त्यास आपले म्हणून ओळखावे.